पुण्याच्या नदीतले मासे मोजणारा कर्नल साईक्स कोण होता? आणि त्याचे प्रश्न आज तुमच्या फिशटँकला कसे उपयोगी पडतात?

रविवारी घरात नवा फिशटँक येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुकानात जे जे आवडलं ते प्लास्टिकच्या पिशव्यांमधून घरी आलेलं असतं. दोन गोल्डफिश, एक फायटर, चार गप्पी, दोन एंजल, काच साफ ठेवायला म्हणून एक सकर आणि मुलांनी हट्ट केला म्हणून दोन छोटे शार्क. पुढच्या रविवारी गप्पींच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसतात. महिन्याभरात टाकीत दोन-तीनच मासे उरतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, आपल्याला मासे लाभत नाहीत.

यात लाभण्याचा काही संबंध नसतो. चूक होते ती दुकानात, निवड करताना. हा मासा केवढा वाढतो? त्याचं तोंड कसं आहे? तो पाण्यात वर राहतो की तळाला? आणि मुळात तो कुठल्या पाण्यातला आहे? हे चार प्रश्न न विचारताच आपण मासे घरी आणतो.

गंमत म्हणजे, साधारण दोनशे वर्षांपूर्वी एक इंग्रज लष्करी अधिकारी पुण्यातल्या माशांबद्दल अशाच प्रश्नांची उत्तरं गोळा करत फिरत होता. बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकातून निघून शनिवारवाड्यावरून चालत गेलात, तर पंधरा मिनिटांत तुम्ही मुठेच्या काठावर पोहोचता. आज तिथे उभं राहून मासे मोजावेत असं कुणाच्या मनातही येणार नाही. पण पुढे संगमाखाली मुळा-मुठा म्हणून वाहणाऱ्या याच नदीतले कितीतरी मासे त्यानं मोजले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि त्यांची मराठी नावं विज्ञानाच्या यादीत नेऊन ठेवली. त्याचं नाव विल्यम हेन्री साईक्स.

चौदाव्या वर्षी फौजेत

साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ. त्या काळी तिथल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलांसाठी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी म्हणजे नशीब काढण्याचा रस्ता होता. साईक्स १८०३ मध्ये कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून भरती झाला आणि १८०४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मुंबई फौजेत अधिकारी झाला. पुढच्याच वर्षी लॉर्ड लेकनं भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा हा पोरगा तिथे होता.

दख्खनशी त्याचा खरा संबंध आला तो १८१७ मध्ये. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. पेशवाईचा शेवट जवळ आणणाऱ्या या लढाईत आणि त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत साईक्स कंपनीच्या बाजूनं देशी शिपायांचं नेतृत्व करत होता. नंतर डोंगरी किल्ले ताब्यात घेण्याच्या मोहिमांतही तो होता. म्हणजे पुण्यात त्याचा प्रवेश झाला तो जिंकणाऱ्यांच्या फौजेतून. त्याच्या पुढच्या कामाचं कौतुक करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

१८२० ते १८२४ ही वर्षं तो युरोपात फिरला. १८२४ मध्ये लग्न केलं आणि परत हिंदुस्थानात आला. इथून त्याच्या आयुष्याला वेगळं वळण लागलं.

तलवार ठेवून वही हातात

मुंबईचा गव्हर्नर तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. पेशव्यांचा मुलूख कंपनीच्या हातात आला होता, पण त्या मुलुखात नेमकं काय आहे, याचा कंपनीला पत्ता नव्हता. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, पाऊस किती, जमिनीवर हक्क कुणाचा? हे माहीत नसेल तर महसूल ठरवायचा कसा? म्हणून ऑक्टोबर १८२४ मध्ये एल्फिन्स्टननं साईक्सला सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमलं.

थोडक्यात, काम सरकारी होतं आणि त्यामागे कराचा हिशोब होता. पण साईक्सनं ते काम गरजेपेक्षा खूप जास्त केलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतून तो वर्षानुवर्षं फिरला. लोकसंख्या आणि शेतीच्या नोंदींबरोबर हवेचा दाब, तापमान, पाऊस लिहून ठेवू लागला. मग पक्षी, सस्तन प्राणी, रेशमाचे किडे आणि मासे अशी त्याची यादी लांबतच गेली.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारनं हे पद रद्द केलं. दुसरा कुणी असता तर कागद गुंडाळून पलटणीत परतला असता. साईक्सनं लष्करी कामातून सवलत मागून घेतली आणि अहवाल पूर्ण करण्यासाठी आणखी वर्षभर खपला. जानेवारी १८३१ मध्ये अहवाल संपला आणि तो रजेवर मायदेशी गेला. १८३३ मध्ये तो कर्नल म्हणून निवृत्त झाला.

मासे कसे मोजले?

इंग्लंडला गेल्यावर साईक्सनं आपल्या वह्या उघडल्या. १८३१-३२ मध्ये त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ठेवली. माशांचं काम जरा उशिरा, १८३० च्या दशकाच्या शेवटी बाहेर आलं. त्यात दख्खनच्या नद्यांमधले चाळीसहून जास्त मासे होते आणि त्यातले बहुतेक विज्ञानासाठी नवीन होते. चित्रांसह सविस्तर लेख १८४१ मध्ये छापून आला.

प्रत्येक माशाची लांबी, शरीराचा आकार, परांमधले काटे किती, तोंड कुठल्या बाजूला उघडतं, मिशा आहेत का आणि किती, मासा कुठल्या नदीत सापडला, अशा त्याच्या नोंदी होत्या. चित्रं ताज्या माशांवरून, मापं घेऊन काढलेली होती.

त्या यादीतली नावं वाचली की मराठी माणूस थबकतो. आज शास्त्रज्ञ एका मोठ्या माशाला स्पेराटा सिंघाला म्हणतात. हा आपला शिंगाळा. मिस्टस सींगटी ही आपली शिंगटी. महसीरच्या एका जातीचं नाव आहे टॉर खुद्री. खडकाला चिकटून राहणारा छोटा मासा म्हणजे गारा मल्या. एका माशाच्या गटाचं नाव रोहटी, पण त्यातल्या जातीचं नाव ओगिल्बी, कारण ओगिल्बी हा लंडनमधला प्राणिशास्त्रज्ञ होता. अर्धं नाव नदीकाठचं आणि अर्धं लंडनचं.

ही सवय माशांपुरती नव्हती. कोळसून, म्हणजे रानकुत्रा, त्यानं दख्खनच्या नावानं नोंदवला. दख्खनमधल्या कोळीसुरा नावाच्या रानटी रेशीमकिड्यावर त्यानं वेगळा लेख लिहिला. एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्यानं मराठ्यांचं नाव घातलं. दोन छोट्या पक्ष्यांच्या नावांत तर चक्क देवा आणि रामा हे शब्द आहेत.

पण ही नावं त्याला सांगितली कुणी?

खुद्री, शिंगाळा, शिंगटी, मल्या हे शब्द यॉर्कशायरच्या माणसाला स्वप्नात सुचणार नाहीत. हे शब्द होते नदीत रोज जाळं टाकणाऱ्यांचे. कुठला मासा डोहात असतो, कुठला धारेत, कुठला रात्री बाहेर पडतो, हे भोई आणि कोळी पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते. साईक्सनं ते शब्द ऐकले आणि आपल्या कानाला जमेल तसे रोमन लिपीत लिहिले. शास्त्रीय नावापुढे शोधणारा म्हणून नाव लागतं ते साईक्सचं. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं शास्त्रीय यादीत कुठेच नाहीत.

त्याच्या बाजूनं एवढं नक्की म्हणता येईल, की त्यानं ते शब्द पुसले नाहीत. इतर अनेक युरोपीय अभ्यासक सर्रास लॅटिन नावं देत असताना त्यानं गावची नावं ठेवली. म्हणून आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हा मासा हातात घेणारा माणूस नकळत मराठी शब्द उच्चारतो.

नंतरचं आयुष्य

१८३४ मध्ये साईक्स रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या स्थापनेत त्याचा सहभाग होता आणि पुढे १८६३ मध्ये तो तिचा अध्यक्षही झाला. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक झाला आणि १८५६ मध्ये थेट अध्यक्ष. चौदाव्या वर्षी ज्या कंपनीत शिरला, तिच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत तो पोहोचला होता. दोनच वर्षांत, १८५७ च्या उठावानंतर, हिंदुस्थानचा कारभार कंपनीच्या हातून राणीच्या सरकारकडे गेला.

१८५७ पासून मरेपर्यंत तो स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा खासदार होता. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचा अध्यक्षही झाला. चीनमधल्या तायपिंग बंडाबाबत त्यानं ब्रिटिश सरकारच्या धोरणावर उघड टीका केली. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला.

याचा तुमच्या फिशटँकशी काय संबंध?

साईक्सच्या वहीतले मासे तुम्ही घरी आणायचे नाहीत. पण त्याचे प्रश्न मात्र जरूर आणायचे. त्याच्याच माशांवरून बघू.

पहिला प्रश्न: मासा केवढा वाढतो? शिंगाळ्याचं पिल्लू बोटभर असतं, पण पूर्ण वाढलेला शिंगाळा मीटरभराच्या पुढे जातो. साईक्सनं नोंदवलेला बॅगॅरियस यारेली तर माणसाच्या उंचीइतका वाढू शकतो. दुकानातही हेच होतं. शार्क म्हणून विकला जाणारा छोटा चंदेरी मासा शार्क नसतोच, तो पंगस असतो. त्याची मत्स्यशेती होते आणि तो मीटरभर वाढतो. काच साफ करणारा सकर एक-दीड फुटाचा होतो. ऑस्कर फूटभर होतो. गोल्डफिशही हातभर टाकीत मावत नाही आणि पाणी फार घाण करतो. म्हणून विकत घेताना दिसतो तो आकार बघू नका, वर्षभरानंतरचा विचारा.

दुसरा प्रश्न: तोंड कसं आहे? शिंगटीला लांब मिशा आहेत, ती रात्री तळाशी चाचपडत शिकार करते. ज्या माशाच्या तोंडात दुसरा मासा मावतो, तो त्याला कधी ना कधी खातो. यात स्वभावाचा दोष नाही. एंजल मोठा झाला की निऑन टेट्रा एकेक करून गायब होतात, ते याचमुळे.

तिसरा प्रश्न: पाण्यात कुठे राहतो? मल्याचं तोंड खालच्या बाजूला आहे, कारण तो खडकाला चिकटून त्यावरचं शेवाळ खातो. तोंड वर वळलेलं असेल तर मासा पृष्ठभागाजवळचा, समोर असेल तर मधल्या पाण्यातला, खाली असेल तर तळाचा, असा ढोबळ नियम आहे. सगळे मासे एकाच थरातले घेतले की गर्दी आणि भांडणं होतात. तीन थरांत वाटले की छोटी टाकीही मोठी वाटते.

चौथा प्रश्न: कुठल्या पाण्यातला? मल्याला धार लागते, फायटरला संथ पाणी. गोल्डफिश थंड पाण्यातला, एंजल उबदार पाण्यातला. निऑन टेट्राला मऊ पाणी मानवतं, मॉलीला जड. दोघांना एकत्र ठेवलं की एकजण कायम त्रासात राहतो.

यात पाचवा प्रश्न आपण जोडायचा: एकटा राहतो की थव्यानं? झेब्रा, टेट्रा, टायगर बार्ब हे थव्यातले मासे. ते दोन-दोन घेतले की बावरतात. टायगर बार्ब तर कमी संख्येत असले की दुसऱ्यांचे पर कुरतडतात. उलट नर फायटर दुसऱ्या नर फायटरला सहन करत नाही, आणि लांब रंगीत शेपटीचा गप्पीही त्याला शत्रूच वाटू शकतो.

मग दोन फुटी टाकीत ठेवायचं काय?

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. वाळू-दगड टाकल्यावर त्याहून कमी. एवढ्या जागेत एक साधी, जमणारी टोळी अशी:

- वरच्या आणि मधल्या पाण्यात ८ झेब्रा. चार-पाच सेंटिमीटरचा, सतत पळणारा, भारतीय उपखंडातलाच मासा. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना त्याची नोंद केली.
- मध्ये हनी गोरामीची एक जोडी. हाही हॅमिल्टननंच नोंदवलेला, पाचेक सेंटिमीटरचा, लाजाळू मासा. त्याला लपायला थोड्या वनस्पती हव्यात.
- तळाला ५ किंवा ६ कोरीडोरास. दक्षिण अमेरिकेतले छोटे, मिशावाले, कुणाच्या वाटेला न जाणारे मासे. त्यांच्यासाठी टोकदार खडीऐवजी बारीक वाळू घाला.

या तिघांनाही २४ ते २५ अंश तापमान चालतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी छोटा हीटर असलेला बरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढणारं औषध घालूनच पाणी वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट आणि मग तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात मासे मरतात ते बहुतेक वेळा या अमोनियानं. म्हणून टाकी आधी चालू करा, मासे नंतर आणि थोडे थोडे आणा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

चूक झाली तर मासा नदीत सोडायचा का?

अजिबात नाही. आणि इथे आपण परत साईक्सकडे येतो.

सकर मोठा झाला, टाकीत मावेना, मारवत नाही, म्हणून लोक तो नदीत किंवा तलावात सोडतात. त्यांना वाटतं आपण पुण्य केलं. पण हा दक्षिण अमेरिकेतला मासा आंध्र, केरळ, बंगालसह देशाच्या अनेक भागांतल्या पाण्यात पसरला आहे. त्याच्या पाठीवर कवच असल्यामुळे त्याला खाणारे कमी. तो मच्छीमारांची जाळी फाडतो आणि स्थानिक माशांचं खाणं पळवतो. पुण्याच्या नद्यांवर सांडपाण्याचा आणि बांधकामाचा भार आधीच आहे. तिलापिया आणि गप्पीसारखे बाहेरचे मासेही तिथे आहेतच.

साईक्सनं नोंदवलेल्या बऱ्याच माशांचे मूळ नमुने आज कुठल्याही संग्रहालयात नाहीत. उरली आहेत ती वर्णनं आणि चित्रं. त्यामुळे त्यानं पाहिलेला मासा नेमका कोणता, असा प्रश्न पडला की शास्त्रज्ञांना परत त्याच नद्यांवर यावं लागतं आणि तिथलाच मासा पकडून ताडून बघावा लागतो. जगभरात टॉर खुद्री किंवा मिस्टस सींगटी कशाला म्हणायचं, याचा पुरावा एका अर्थानं आपल्या नद्यांमध्ये पोहतो आहे. इंद्रायणीच्या पट्ट्यातून त्यानं नोंदवलेला, नाकाडावर टेंगूळ असलेला नुक्टा मासा आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. नदीतून मासा गेला की तो पुरावाही गेला.

म्हणून नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. नदीतून रंगीत मासा पकडून आणण्याचा मोहही टाळा. केरळच्या नद्यांमधला डेनिसन बार्ब, म्हणजे मिस केरळ, फिशटँकच्या बाजारासाठी इतका पकडला गेला की आता तोही धोक्यात आलेल्यांमध्ये आहे.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की पिशवी बांधून घेण्याआधी दुकानदाराला पाच प्रश्न विचारा. केवढा वाढतो, तोंड कसं आहे, कुठे राहतो, कुठल्या पाण्यातला, एकटा की थव्यानं. उत्तर मिळालं नाही, तर तो मासा त्या दिवशी घेऊ नका.